दुधारी पातं परत का आलं?

एखाद्याची बिनपाण्याने हजामत झाली असं आपण म्हणतो, तेव्हा त्या बिचाऱ्याची काय गत झाली असेल हे वेगळं सांगावं लागत नाही. दाढीचं निम्मं शास्त्र त्या एका वाक्प्रचारात आहे. उरलेलं निम्मं पात्यात आहे, आणि हे पातं गेल्या वीसेक वर्षांत पुन्हा लोकांच्या हातात आलंय. वरची टोपी फिरवून काढायची, कागदाच्या घडीतलं पातळ दुधारी ब्लेड आत ठेवायचं, पुन्हा आवळायचं, असा तो आजोबांच्या पिढीतला धातूचा सेफ्टी रेझर. तीन-चार-पाच पात्यांच्या डुलणाऱ्या कार्ट्रिजने त्याला कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ढकललं होतं. आता तरुण मुलं तो हौसेने विकत घेतात, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे रेझर घासूनपुसून वापरात आणतात. ज्या जिलेट कंपनीने हा रेझर घरोघरी पोचवला आणि पुढे स्वतःच मागे सारला, तिनेही २०२० मध्ये संस्थापकाच्या नावाने दुधारी पात्याचा नवा रेझर बाजारात आणला.

असं का झालं विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात: पाती स्वस्त पडतात, प्लास्टिकचा कचरा होत नाही, जुन्या वस्तूंचं लोकांना वेड आहे. तिन्ही खरी आहेत. पण मला वाटतं, खरं उत्तर पात्याच्या मधोमध असलेल्या त्या विचित्र आकाराच्या खाचेत आहे. ही खाच आज कुणाच्याही मालकीची नाही. जगातल्या कुठल्याही कारखान्यातलं दुधारी पातं कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसतं. हा रेझर कपाटात गेला तो यामुळे, आणि बाहेर आला तोही यामुळेच. ते कसं, हे कळायला आधी रेझरच्या डोक्यात काय चालतं ते पाहावं लागेल.

डोक्यात काय असतं

यात बहुतेक वेळा तीनच भाग असतात. वर टोपी, खाली तळपट्टी, आणि दोघींना स्क्रूने आवळणारा दांडा. काही रेझरमध्ये दांड्याचं टोक पिळलं की टोपी दरवाज्यांसारखी दोन्ही बाजूंना उघडते. ते दिसायला छान, काम तेच.

पातं साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. म्हणजे दाढीच्या एका केसाइतकंच जाड. नुसतं हातात धरलं तर ते लवलवतं. मग असलं लेचंपेचं पातं राठ केस कसे कापतं? एक साधा कागद आडवा धरा, तो लोंबतो. तोच मधे थोडा वाकवून पन्हळीसारखा धरा, ताठ राहतो. रेझरची टोपी आणि तळपट्टी पात्याला असंच कमानीत वाकवून घट्ट दाबतात, आणि त्यामुळे त्याच्या दोन्ही धारा ताठ उभ्या राहतात. रेझर चांगला की वाईट हे बरंचसं या पकडीवर ठरतं. पकड ढिली असेल तर पातं केसागणिक थरथरतं, आणि ती थरथर कातडीवर जळजळ म्हणून उमटते.

आता ‘सेफ्टी’. साध्या वस्तऱ्यात पूर्ण धार उघडी असते. ती कातडीत किती जाईल हे फक्त धरणाऱ्याच्या हातावर असतं. सेफ्टी रेझरमध्ये धारेच्या खालीच एक आडवा कठडा किंवा कंगव्यासारखे दात असतात. टोपीची कड आणि हा कठडा कातडीला थोडं दाबून सपाट करतात आणि दोघांच्या मधून धार जराशीच डोकावते. कठडा आणि धार यांतली फट किती, धार बाहेर किती, आणि ती कोणत्या कोनात, या तीन मापांत रेझरचा सगळा स्वभाव आला. फट लहान आणि धार आत असेल तर रेझर मवाळ. फट मोठी आणि धार पुढे असेल तर जहाल. राजकारणातले हे जुने शब्द इथे फार चपखल बसतात, कारण जहाल रेझर कामं लवकर करतो आणि रक्तही लवकर काढतो. हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागांचा असतो. काही रेझरमध्ये दांड्यावरचं कडं फिरवून फट कमी-जास्त करता येते.

कोन मात्र कुठल्याही रेझरने पूर्ण ठरवून दिलेला नसतो. कातडीशी पात्याचा कोन ढोबळमानाने ३० अंशांच्या आसपास ठेवायचा असतो आणि तो तुमच्या मनगटाने ठेवायचा असतो. कार्ट्रिजचं डुलणारं डोकं हे काम स्वतः करतं. दोघांतला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो. कार्ट्रिज तुम्हाला विचार करू देत नाही. हा रेझर विचार केल्याशिवाय नीट चालत नाही.

केस मऊ, पोलाद कठीण, तरी धार का जाते?

दाढीच्या पात्याचं पोलाद साधं नसतं. बहुतेक पात्यांत सुमारे १३ टक्के क्रोमियम आणि अर्धा टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो. पट्टी तापवून झटकन थंड केली की ती फार कठीण होते. मग धार लावायची, तिच्यावर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिपातळ थर चढवायचा, आणि सगळ्यात शेवटी पीटीएफई, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच पदार्थ. हा शेवटचा थर नसेल तर कितीही तीक्ष्ण पातं केस ओढत, खेचत जातं. धारेचं टोक इतकं बारीक असतं की त्याची गोलाई नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ आहे. तरीही आठवड्याभरात पातं बोथट होतं. का, हे कोडं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिलं आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर मांडलं. दाढीत धार हळूहळू झिजत जाते अशी सगळ्यांची समजूत होती. त्यांना दिसलं की धारेचे सूक्ष्म टवके उडतात. त्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात: केस पात्याला सरळ न भिडता वाकून, तिरका भिडावा लागतो, पोलादाची आतली रचना त्या जागी एकसारखी नसावी लागते, आणि धारेच्या नेमक्या कमकुवत ठिकाणी केस लागावा लागतो. तिथे ताण एकवटतो आणि टवका जातो. मग पुढच्या केसाला आणखी एक कमजोर जागा सापडते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. केस जितका मऊ तितका तो पात्याला आणि तुम्हाला कमी छळतो. आता तो वाक्प्रचार आठवा.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सैल होतात. केस पाणी पितो, फुगतो, आणि त्याला कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. पण हे क्षणात होत नाही. दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. कोमट पाण्याने हे लवकर होतं. अंघोळीनंतर दाढी सोपी जाते ती याच कारणाने. चेहऱ्यावरचं तेल पाण्याला केसापर्यंत पोचू देत नाही, म्हणून आधी चेहरा धुवायचा. आणि ओला झालेला केस वाळू नये म्हणून फेस.

फेसाचं खरं काम पाणी धरून ठेवणं आणि कातडीला निसरडं करणं हे आहे. दाढीच्या साबणात बहुधा स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशचा साबण असतो, अंगाच्या साबणातल्या सोड्याच्या साबणापेक्षा मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा. ब्रशने तो घोटला की बारीक बुडबुड्यांचा दाट, ओलसर फेस होतो आणि काही मिनिटं टिकतो. डबा दाबून निघणारा फेस ढिगाने येतो, पण त्यात हवाच जास्त. नव्याने सुरुवात करणारा माणूस नेहमी एकच चूक करतो: फेस डोंगरासारखा दिसला की झालं असं समजतो. मीही समजायचो. फेस दह्यासारखा, चकाकणारा हवा. उभा राहणारा, कोरडा फेस पात्याला अडवतो.

ब्रश डुकराच्या केसांचा, बॅजर या प्राण्याच्या केसांचा किंवा कृत्रिम तंतूंचा असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे सैनिकांना अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. आजचे कृत्रिम ब्रश चांगले असतात आणि लवकर वाळतात; कुणी बॅजरच्या केसांचं कौतुक करायला लागलं तर ऐकून घ्यावं आणि कृत्रिमच घ्यावा.

खाच कुणाची?

वस्तऱ्याला कठडा लावायची कल्पना जुनी. फ्रेंच कारागीर झां-जाक पेरे याने अठराव्या शतकातच वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण घातलं होतं. १८४७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हेन्सनने दांड्याला आडवं पातं असलेल्या, कुदळीसारख्या रेझरचं पेटंट घेतलं. आजच्या रेझरचा आकार तिथून आला. १८८० मध्ये अमेरिकेत काम्फे बंधूंचा रेझर आला. पण त्यात वस्तऱ्याच्या पात्याचाच जाड तुकडा बसवलेला असायचा आणि त्याला चामड्याच्या पट्ट्यावर वरचेवर धार लावावी लागायची. रेझर सुरक्षित झाला होता, कटकट तीच होती.

किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीत फिरता विक्रेता होता. ती बुचं शोधून काढणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता: एकदा वापरून फेकायची असं काहीतरी शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल. १८९५ मध्ये एका सकाळी बोथट वस्तऱ्यासमोर उभं असताना जिलेटच्या डोक्यात ते आलं. धार लावायचं जाड पातं हवंच कशाला? पातळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी धार लावू, बोथट झाली की फेकू. पातळ पोलादाला इतकी कठीण धार लावता येणार नाही असं जाणकार सांगत होते. ते साध्य करायला काही वर्षं गेली, आणि केलं ते विल्यम निकरसन या अभियंत्याने. १९०१ मध्ये कंपनी उभी राहिली, १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्या एका वर्षात रेझर नव्वद हजारांच्या वर गेले.

जाता जाता सांगतो: हाच जिलेट स्पर्धेचा कट्टर शत्रू होता. १८९४ मध्ये त्याने पुस्तक लिहून असं सुचवलं होतं की नायगाऱ्याच्या विजेवर चालणारं एकच प्रचंड शहर वसवावं आणि सगळं उत्पादन सगळ्यांच्या मालकीच्या एकाच कंपनीने करावं. त्याच माणसाच्या नावाची कंपनी पुढे शतकभर पेटंटच्या लढाया लढत राहिली.

पहिल्या महायुद्धाने बाकीचं काम केलं. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी चालत नाही. अमेरिकेच्या सैन्याने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. युद्ध संपलं, सैनिक घरी आले, आणि रोज घरच्या घरी दाढी करायची सवय सोबत घेऊन आले.

इथे एक लाडकी दंतकथा मोडावी लागते. धंद्याच्या गप्पांत नेहमी सांगतात की जिलेटने रेझर फुकटात वाटले आणि पात्यांवर पैसा कमावला. पेटंट हातात असताना त्याने असं काहीच केलं नाही. रेझर ५ डॉलरला विकायचा, तेव्हाच्या मानाने ती मोठी रक्कम होती. कुणी पातं स्वस्तात बनवू शकत नव्हतं, मग रेझर तरी स्वस्त का करायचा? १९२१ मध्ये पेटंट संपलं, तेव्हा जुन्या पद्धतीचा रेझर एका डॉलरवर आणला आणि नवा सुधारलेला पुन्हा ५ डॉलरला काढला. पेटंट संपल्यावर दुसऱ्यांनाही पाती बनवायची मोकळीक मिळाली आणि बनवणारे पुष्कळ निघाले. १९३० मध्ये जिलेट आणि हेन्री गेसमनच्या कंपनीत पात्याच्या आकारावरून भांडण पेटलं, आणि शेवटी दोन्ही कंपन्या एक झाल्या. मधली लांब खाच असलेलं आजचं पातं त्याच सुमाराचं. ते पुढे सगळ्या जगाचं माप झालं.

आता कंपनीच्या बाजूने विचार करा. तुमचा रेझर जन्मभर टिकतो. त्यात कुणाचंही पातं बसतं. तशात १९६२ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्किन्सन स्वॉर्ड या तलवारी आणि बागकामाची अवजारं बनवणाऱ्या कंपनीने गंज न लागणारं, लेप दिलेलं पातं बाजारात आणलं. ते जुन्या कार्बन पोलादाच्या पात्यापेक्षा कितीतरी दाढ्या जास्त टिकायचं. गिऱ्हाइकाची चंगळ झाली, कारखानदाराची झोप उडाली. पातं अजून चांगलं करण्यात आता कमाई नव्हती. पात्याची *बैठक* बदलण्यात होती.

१९७१ मध्ये जिलेटने ट्रॅक टू आणला: प्लास्टिकच्या डबीत पक्की बसवलेली दोन पाती, आणि ती डबी फक्त त्याच दांड्यावर चढणार. या बैठकीचं पेटंट घेता येत होतं. दुसऱ्याने तशी डबी काढेपर्यंत पुढचं मॉडेल तयार. १९९० मध्ये स्प्रिंगवरची पाती, १९९८ मध्ये तीन पाती, २००३ मध्ये शिक या प्रतिस्पर्धी कंपनीची चार, आणि २००६ मध्ये जिलेटची पाच. गंमत म्हणजे १९७५ मध्येच एका अमेरिकी विनोदी टीव्ही कार्यक्रमाने तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात दाखवून टर उडवली होती. २००४ मध्ये एका उपहासात्मक वृत्तपत्राने पाच पात्यांवर तसाच विनोद केला. दोन्ही विनोद दुकानात विकायला आले.

म्हणजे सेफ्टी रेझर दाढी वाईट करायचा म्हणून मागे पडला नाही. खाच सगळ्यांची झाली आणि तिच्यात कुणाला पैसा उरला नाही, म्हणून पडला. आणि कार्ट्रिज महाग होत गेली तेव्हा लोकांना याच खाचेची आठवण झाली. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २००५ मध्ये सुमारे ५७ अब्ज डॉलरला जिलेट घेतली. २०१९ मध्ये त्याच धंद्याची किंमत हिशेबात ८ अब्ज डॉलरने खाली आणावी लागली. त्यामागे दाढी राखायची फॅशन होती, इंटरनेटवर घरपोच स्वस्त पाती विकणारे होते, चलनाचे चढउतार होते. सेफ्टी रेझरवाले त्यात मूठभरच. पण नवा रेझर बनवायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. छोट्या कार्यशाळा, विमानांचे सुटे भाग कातणारे कारागीर, जर्मनीतल्या झोलिंगेनचे जुने कारखाने, सगळ्यांनी आपापले रेझर काढले. पातं आधीपासून तयार होतंच.

एक पातं की पाच?

यावर वाद फार होतो आणि दोन्हीकडून अतिशयोक्तीही. कार्ट्रिजची कल्पना मूर्ख नाही. पाच पात्यांत दाब वाटला जातो, त्यामुळे एकेक पातं कातडीत कमी रुततं आणि तुम्ही निष्काळजीपणे दाबलंत तरी सहसा निभावतं. डोकं डुलतं, कोन बिघडत नाही. शिवाय पहिलं पातं केसाला पकडून थोडा बाहेर ओढतं, आणि तो परत आत जायच्या आधी दुसरं पातं त्याला आणखी खालून कापतं. त्यामुळे केसाचं टोक कातडीच्या पातळीच्याही खाली जातं. गाल लोण्यासारखा लागतो.

ज्यांचे केस सरळ आहेत त्यांना हे छानच. कुरळ्या केसांची मात्र अडचण होते. कातडीखाली गेलेलं तिरकं, टोकदार केसाचं टोक वाढताना बाहेर यायच्या ऐवजी केसाच्या मुळाच्या पिशवीची भिंत भेदतं, किंवा बाहेर येऊन वळून पुन्हा कातडीत घुसतं. शरीर त्याला काट्यासारखं वागवतं. लाल, दुखऱ्या पुळ्या येतात. वैद्यकात याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात, आणि आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत ही तक्रार फार दिसते. अशांना केस कातडीच्या अगदी आतून कापू नका, हा सल्ला दिला जातो. एक धार केसाला कातडीच्या पातळीवर कापते आणि पुढे जाते. हीच गरज ओळखून अमेरिकेत ट्रिस्टन वॉकर यांनी बेव्हेल नावाचा एकाच पात्याचा रेझर काढला. २०१८ मध्ये ती कंपनीही प्रॉक्टर अँड गॅम्बलनेच विकत घेतली.

मात्र कुणी सांगितलं की रेझर बदलला की पुळ्या जातीलच, तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. केसांच्या वाढीच्या उलट फिरवलेला हात, बोथट पातं, कोरडा चेहरा आणि दाब यांतलं काहीही एका पात्यानेही तितकाच त्रास देतं. माझ्या मते बऱ्याच जणांची कातडी सुधारते ती रेझर बदलल्याने जितकी, तितकीच घाई सोडल्याने. तीन मिनिटांत दाढी उरकणारा माणूस दहा मिनिटं द्यायला लागला, तर त्याच्या कार्ट्रिजनेही चांगलं काम केलं असतं. ज्यांचे हात थरथरतात, जे रक्त पातळ करणारी औषधं घेतात किंवा ज्यांच्या चेहऱ्यावर मुरमं भरलेली आहेत, त्यांनी या नादाला न लागलेलं बरं. त्यांच्यासाठी विजेवरचं यंत्र आहे.

हातात घेतल्यावर

आधी आपल्या दाढीचा नकाशा बघा. दोन दिवसांचे खुंट वाढू द्या आणि बोटं फिरवा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती वाढीची दिशा. जिथे बोटाला टोचतं ती उलटी. गालावर केस बहुधा खाली वाढतात, पण गळ्यावर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला ते चक्क आडवे वाढतात, आणि हे मला पंधरा वर्षं दाढी केल्यावर कळलं.

कोन शोधायची युक्ती सोपी आहे. टोपी गालावर सपाट टेकवा, दांडा आडवा बाहेर आलेला असेल. आता दांडा हळूहळू खाली आणा. ज्या क्षणी धार लागल्याचं जाणवतं, तिथे थांबा. केस कापल्याचा बारीक करकर आवाज येतो. तो आवाज बंद झाला की कोन सुटला समजा. कानाने दाढी करता येते हे वाचून हसू येईल, पण आठवड्याभरात सवय होते.

आणि दाब. दाब द्यायचाच नाही. धातूच्या डोक्याचं वजन पुरतं. कार्ट्रिजवरून आलेल्या माणसाचा हात आपोआप दाबतो आणि पहिल्या आठवड्यात त्याची हनुवटी लाल होते. दांडा अगदी टोकाला, बोटांच्या चिमटीत धरला की दाबताच येत नाही.

एकाच फेरीत सगळं साफ करायचा हट्ट सोडा. पहिली फेरी वाढीच्या दिशेने, खुंट फक्त आखूड करायला. पुन्हा फेस लावून दुसरी आडवी. बहुतेकांचं एवढ्यात भागतं. तिसरी उलटी फेरी कातडी सरावल्यावर, आणि गळ्यावर तर फार विचार करून. फेस नसलेल्या जागी पातं फिरवायचं नाही. ‘इथे एवढंच राहिलंय’ म्हणत कोरड्यावर मारलेला एक हात पूर्ण दाढीपेक्षा जास्त जळजळ देतो. संपल्यावर गार पाणी, आणि हवी तर ओली तुरटी. तुरटी कातडी आकसून घेते, बारीक रक्त थांबवते आणि एक कामही फुकट करते: जिथे तुम्ही जास्त खरवडलंत तिथे ती सणसणीत झोंबते, म्हणजे आजचा हात कुठे चुकला ते लगेच कळतं.

पातं किती दिवस वापरायचं? अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर बदला असं सांगते. दुधारी पात्याला राठ दाढीवर तीन-चारही पुष्कळ. ओढायला लागलं की बदला, काटकसर इथे कामाची नाही.

खरी मजा पाती निवडण्यात आहे. रेझर तोच, पातं वेगळं, आणि दाढी पूर्ण वेगळी. जपानी पाती त्यांच्या तीक्ष्णपणासाठी नावाजलेली आहेत, काही तुर्की पाती सौम्य मानली जातात. मित्राला जे पातं लोण्यासारखं वाटतं ते तुम्हाला करवतीसारखं वाटू शकतं, कारण केस, कातडी आणि रेझरची फट या तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात. वेगवेगळ्या पात्यांची मिश्र पाकिटं मिळतात, तेच घ्या. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. नवा रेझर, नवं पातं, नवा साबण हे सगळं एकाच सोमवारी सुरू केलं आणि चेहरा भाजला, तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हा छंद खिशाला भोक पाडतो हेही खरं. पैसे वाचतील म्हणून रेझर घेतलेल्या माणसाकडे वर्षभरात सहा ब्रश जमतात. तो हिशेब ज्याचा त्याने करावा.

विमानातून जाताना पाती हाताशी ठेवलेल्या बॅगेत चालत नाहीत, कार्ट्रिज चालतात. पाती सामानात टाका किंवा पोचल्यावर घ्या. 

वापरलेल्या पात्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांत कुणी नीट सोडवलेला नाही. पातं एका ग्रॅमहूनही हलकं, निव्वळ पोलाद, वितळवून पुन्हा वापरता येण्याजोगं. पण सुटं टाकलं तर कचरा वेचणाऱ्याचा हात कापतं आणि भंगाराच्या ढिगात हरवतं. म्हणून पत्र्याच्या बंद डब्याला वर एक चीर पाडायची आणि पाती त्यात टाकत राहायची. डबा भरायला वर्षं लागतात; मग तो तसाच भंगारात द्यायचा.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या घरबांधणाऱ्यांनी याहून सोपा उपाय काढला होता. न्हाणीघरातल्या भिंतीच्या कपाटाला मागे एक बारीक चीर ठेवायची आणि वापरलेली पाती तिच्यातून आत टाकायची. ती कुठे जायची? कुठेच नाही. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत पडून राहायची. आज ती घरं दुरुस्तीला काढली, भिंत फोडली, की दोन-तीन पिढ्यांच्या दाढ्यांची गंजलेली पाती खळखळत बाहेर येतात. त्यांतलं १९३० नंतरचं एखादं न गंजता राहिलेलं निघालं, तर ते या वर्षी घडवलेल्या रेझरमध्ये बरोबर बसेल.